तानपुरा चालला कोल्हापूरला

देवरुखच्या माणसाने घाट चढायचा तर त्याला सबळ कारण लागतं. अंबाबाईचं दर्शन, लग्नाचा बस्ता, गुडघ्याचा डॉक्टर ही परंपरेने मान्य झालेली कारणं. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेत गेला आणि भाऊबंदकीची आणखी एक सोय झाली. माझं कारण यातल्या कशातच बसत नव्हतं. मी निघालो होतो फोनचा आवाज फाटला म्हणून.

एस.टी.त शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जाडजूड फाईल होती. माझ्या मांडीवर फोनचा खोका, बिल आणि चार्जर. साखरप्याला गाडी रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी खोक्याकडे बघून घेतलं.

"कोर्टात?"

"नाही, सर्व्हिस सेंटरला."

"मॅटर काय?"

"आवाज फाटतोय. वॉरंटीत आहे."

"मुदत?"

"एक वर्ष. दसऱ्याला संपते."

"वर्षात काय होतंय हो!" ते कळवळून म्हणाले. त्यांचं प्रकरण कलमांच्या बागेचं होतं आणि आजोबांनी सुरू केलेलं होतं. त्यामुळे मला बरेच सल्ले फुकट मिळाले. जे बोलतील ते लेखी घ्यायचं. मूळ बिल हातातून सोडायचं नाही, झेरॉक्स द्यायची. नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाईन आहे, तिथे फोन लावायचा. तरीही नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फीसुद्धा पडत नाही.

"पण १९१५ ला फोन लावायचा कशावरून? फोन तर त्यांच्याकडे जमा असणार."

यावर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. आजोबांच्या काळात असा पेच आला नसावा.

गाडीत एव्हाना प्रत्येकाचा फोन बोलत होता. एका फोनवर पनीरची भाजी शिजत होती, दुसऱ्यावर कीर्तन चाललं होतं आणि मागच्या बाकावर कुणीतरी शेअर बाजारात कोट्यधीश व्हायचं शिकवत होतं. या गोंगाटाचा एरवी मला राग येतो. त्या दिवशी हेवा वाटला. काय स्वच्छ आवाज होते एकेकाचे! मग आंबा घाटात गाडी धुक्यात शिरली, रेंज गेली आणि पनीर, कीर्तन, कोट्यधीश एकाच वळणावर गप्प झाले. नुसता वायपरचा आवाज उरला. वर आंबा गाव आलं तशी सगळ्यांनी वाक्यं जिथे तुटली होती तिथून पुन्हा सुरू केली. मलकापूर गेलं, बांबवडे गेलं, पन्हाळ्याचा पायथा आला. याच मुलखातून १६६० च्या जुलैत भर पावसात, रात्रीच्या अंधारात माणसं विशाळगडाकडे धावत गेली होती. आम्ही उलट दिशेने, बसून निघालो होतो आणि तरी पाय अवघडले म्हणून कुरकुरत होतो.

आता बिघाडाविषयी. आमच्या भजनी मंडळाचे बुवा रत्नागिरीला एका शिबिराला जाऊन आले आणि म्हणाले, तानपुऱ्याशिवाय भजन म्हणजे आरडाओरडा. मंडळ चाळीस वर्षं तेच करत आलेलं होतं, पण असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. खरा तानपुरा घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा माझ्या फोनमध्ये तानपुऱ्याचं ॲप आलं. फोनचा आवाज सभामंडपात पुरेना, म्हणून फोन स्टीलच्या पातेल्यात उभा करायचं ठरलं. पातेल्यामुळे काळी एक थेट मागच्या खांबापर्यंत पोचते, आणि भजन संपलं की त्याच पातेल्यात प्रसादाचा शिरा होतो.

आषाढीनंतर काहीतरी बिनसलं. पंचम ठीक वाजायचा, पण षड्ज लागला की काडेपेटीत कोंडलेल्या भुंग्यासारखी घरघर सुरू. मग उपाय झाले. फोन एक रात्र तांदळाच्या डब्यात झोपला. पाणी बाहेर काढणारा म्हणून जो १६५ हर्ट्झचा सूर इंटरनेटवर मिळतो, तो वाजवला. पाणी आत गेलेलंच नव्हतं, त्यामुळे ते बाहेर येण्याचा प्रश्न नव्हता, आई मात्र आतून ओरडली, "अरे, मिक्सर बंद करा!" शेवटी बाजारपेठेतल्या मोबाईलवाल्याकडे गेलो. त्याने टूथब्रशने जाळी घासली, फोन कानाशी धरला आणि निदान केलं, "रिंगर गेलाय." आत नखाएवढा पडदा असतो, त्याला तारेचं बारीक वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या फटीत वरखाली नाचतं, असं त्याने जुना रिंगर फोडून दाखवलं. फट केसाएवढी. तिच्यात लोखंडाचा कण शिरला (आणि चुंबक असल्यामुळे कण आपण होऊन शिरतो), वेटोळं जरा तिरकं झालं किंवा पडद्याची कड सुटली की ठरावीक सुरावरच घासाघीस होते. बाकी वेळ सगळं आलबेल.

"अर्ध्या तासात नवा टाकतो," तो म्हणाला. "पण मी मागचं झाकण उचललं की कंपनीची वॉरंटी संपली. जा कोल्हापूरला." हातातलं गिऱ्हाईक घाटावर पाठवणारा दुकानदार कोकणातच भेटतो.

राजारामपुरीतल्या गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे पत्ता सापडायला अडचण नाही असं सगळे सांगतात. सर्व्हिस सेंटर दोन नंबरांच्या मधे निघालं. दारातल्या वॉचमननी टोकन दिलं. "बसा पावनं, गार हाय आत." आत खरंच गार होतं. भिंतीवर भलं मोठं पोस्टर: एक सुंदर मुलगी स्विमिंग पूलमध्ये बुडून तोच फोन हातात धरून हसते आहे. काउंटरवरच्या मुलीने माझा फोन घेतला आणि पहिलाच प्रश्न केला, "सर, पाण्यात पडला होता का?"

"नाही."

"कुठून आलात?"

"देवरुखहून."

"म्हणजे कोकण." तिने आतल्या टेक्निशियनकडे पाहिलं. त्यानेही मान हलवली.

"आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो," मी म्हणालो, "पण तो फोनवर पडत नाही."

त्याने सिमचा ट्रे काढला आणि खाचेत बॅटरीचा उजेड मारला. आत एक पांढरा ठिपका चिकटवलेला असतो. पाणी लागलं की तो लाल होतो, आणि लाल झाला की वॉरंटी गेली. पोस्टरमधली मुलगी कितीही हसो. रांगेतली चार-पाच माणसं आपापले फोन विसरून पुढे वाकली. कोकणच्या अब्रूचा प्रश्न होता.

"पांढरा आहे," टेक्निशियन जरा नाराजीनेच म्हणाला.

"फोन वापरता कसा? म्हणजे कुठल्या कंडिशनमध्ये?"

"पातेल्यात."

मुलीची बोटं कीबोर्डवर थांबली. पातेल्यासाठी त्यांच्या यादीत रकाना नव्हता. बऱ्याच विचाराअंती तिने 'नॉर्मल युसेज' टाकलं.

मग चाचणी. कंपनीच्या सॉफ्टवेअरने फोनमधून एक टुणटुण आवाज काढला, फोनच्याच माईकने तो ऐकला आणि फोननेच निकाल दिला: पास. त्याला फक्त आवाज येतो की नाही एवढंच कळतं, कसा येतो ते नाही. त्यानंतर टेक्निशियनने त्यांचं ठरलेलं इंग्रजी गाणं लावलं. त्या गाण्यात मुळातच इतकी खरखर, धडधड आणि चिरकणं होतं, की माझा भुंगा त्यात बेमालूम मिसळून गेला.

"ओके आहे सर."

"तानपुरा लावून बघा."

तानपुरा लागला. षड्जावर भुंगा खणखणीत बोलला. टेक्निशियनने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "सर, तानपुरा असाच वाजतो ना?"

इथे मी निरुत्तर झालो, कारण मुलगा चुकीचं बोलत नव्हता. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "ती जवारी. ही जवारी न्हवं." एक वयस्क गृहस्थ उठून काउंटरशी आले. मिरजेचे होते, लेकीकडे कोल्हापूरला आलेले, आणि नातवाने त्यांना फुटलेल्या डिस्प्लेसकट रांगेत बसवून ठेवलेलं. मिरजेचा माणूस आणि समोर तानपुरा! त्यांनी वर्ग सुरू केला. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसतो, जरासा उतरता घासलेला असतो. तार त्याला ओझरती शिवत कापते, म्हणून एका सुरातून कितीतरी सूर उमलतात. तारेखाली सुताचा दोरा असतो, तो केसभर पुढे-मागे सरकवला की जवारी खुलते. या गोष्टीवर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली निबंध लिहिला, ठाऊक आहे का? टेक्निशियनला ठाऊक नव्हतं. "दोरा हाय का हितं?" आजोबांनी विचारलं. दोरा नव्हता. मुलीने तत्परतेने सेलोटेप पुढे केली. "सिस्टिम स्लो आहे" अशी पाटी नसतानाही काउंटरचं काम वीसेक मिनिटं पूर्ण बंद पडलं आणि कुणाचीही तक्रार नव्हती. रांगेतल्या एकाने तर मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळाल्याची पुरवणी जोडली.

पण 'मिरजेच्या आजोबांचं मत' हासुद्धा सिस्टिममधला रकाना नव्हे.

निकाल लागला तो वेगळ्याच वाटेने. टेक्निशियनने फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला: "हॅलो हॅलो, वन टू थ्री." आणि वाजवला. भुंगा 'हॅलो'वरच बसला होता. मुलगा दचकला.

"माझा आवाज असा नाहीये."

"असाच हाय की," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"नाहीये!" त्याने तेच रेकॉर्डिंग आपल्या फोनवर पाठवलं आणि वाजवून दाखवलं. तिथे 'हॅलो' स्वच्छ आलं. मग पुन्हा माझ्यावर, पुन्हा त्याच्यावर. तो बिघाड सिद्ध करत नव्हता, अब्रू वाचवत होता. पण त्यातून पुरावा उभा राहिला आणि मुलीने टाईप केलं: ऑडिओ डिस्टॉर्शन, कन्फर्म्ड.

पुढचं भराभर झालं. पंधरा आकडी आयएमईआय खोक्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिला. फोनवरचे ओरखडे नोंदवले, माझ्या देखत, मला बरंच लागेल अशा तपशिलाने. 'डेटा गेल्यास कंपनी जबाबदार नाही' याखाली सही. कागदावर नऊ ठिपके छापलेले होते. त्यांवर पॅटर्न काढून द्यायचा. मी काढला. रांगेतल्या सगळ्यांनी तो पाहिला. कुणी तोंड फिरवण्याचं नाटकसुद्धा केलं नाही.

"पार्ट स्टॉकमध्ये आहे. चारपर्यंत होईल. झालं की ओटीपी येईल, तो सांगायचा आणि फोन न्यायचा."

"ओटीपी येणार कशावर?"

"अल्टरनेट नंबर द्या ना, सर."

मी बुवांचा नंबर दिला.

फोन नसलेला माणूस कोल्हापुरात दोन गोष्टी करू शकतो. मी दोन्ही केल्या. आधी मिसळ खाल्ली, तिचा कट इतका तिखट की काही काळ माझाच षड्ज लागेना. मग अंबाबाईचं दर्शन घेतलं. सी.पी.आर. हॉस्पिटलसमोर फाईलवाले भेटले. बेंचची इमारत तिथेच आहे. "तारीख पडली," ते समाधानाने म्हणाले. "तुमची?"

"आजच चारची."

त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. इतक्या झटपट निकाल म्हणजे नक्की काहीतरी मॅनेज केलं असणार.

चार वाजता फोन तयार होता. ओटीपी गेला होता. वॉचमनच्या फोनवरून मी बुवांना लावला. बुवा दुपारच्या झोपेतून उठले होते.

"बुवा, मेसेज आलाय बघा. त्यातला आकडा सांगा."

"कोण बोलतंय?"

"मीच. कोल्हापूरहून."

"हा नंबर तुझा नाही."

"माझा फोन यांच्याकडे आहे. तो सोडवायलाच आकडा पाहिजे."

पलीकडे शांतता. मग बुवा ठासून म्हणाले, "बँकेच्या माणसाने सांगितलंय. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. अगदी घरातल्यालासुद्धा नाही. तू तूच कशावरून?"

आईचं नाव सांगितलं; ते चोरालाही कळू शकतं म्हणे. मंडळाची वर्गणी कुणाकडे थकली आहे ते सांगितलं; ते अख्ख्या देवरुखला माहीत आहे. शेवटी बुवांनी तोडगा काढला. "शनिवारी जो अभंग बसवला त्याचं ध्रुवपद म्हण."

मी आजूबाजूला पाहिलं. मुलगी, टेक्निशियन, वॉचमन आणि टोकन धरून बसलेली नवी रांग. मिरजेचे आजोबा अजून होतेच, डिस्प्ले यायचा होता. मी खाकरलो आणि म्हटलं. पहिलीच ओळ वरच्या षड्जाला जाते. गेलो.

"खाली लागला," बुवा म्हणाले. "तूच आहेस. घे लिहून."

आजोबांनीही मान हलवून दुजोरा दिला. टेक्निशियनने फोन हातात ठेवला, आपण होऊन तानपुरा लावून दाखवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं "हॅलो हॅलो"सुद्धा म्हणून घेतलं.

शनिवारी भजनाला पातेलं मांडलं. काळी एक अशी काही निर्मळ निघाली, की मृदंगवाल्याने हात थांबवून ऐकलं. बुवांनी प्रसन्न मुद्रेने पेटीवर षड्ज धरला आणि तो तानपुऱ्याला लागेना. चांगला खाली होता. भाता जोरात मारून पाहिला, फरक नाही. इतके दिवस भुंग्याच्या आडोशाला पेटी सुखाने उतरलेली होती.

"पावसाळी हवा आहे," बुवा म्हणाले.

कुणी काही बोललं नाही. झांजवाल्याने तेवढं हळूच विचारलं, "बुवा, पेटीचं बिल आहे का?"