आठी गेली, भुवई चढली

भाचीच्या साखरपुड्याच्या फोटोत मी मामा कमी आणि वसुली अधिकारी जास्त दिसतो, असं घरात एकमताने ठरलं. दोष दोन भुवयांमधल्या आठीचा. आम्ही राहतो वैतरणा स्टेशनाजवळ. तिथल्या रस्त्याचं व्हायचं ते होवो. पण लग्नाआधी माझ्या कपाळाचं डांबरीकरण व्हायलाच हवं, म्हणून मी विरारला जाऊन गुपचूप बोटॉक्स टोचून आलो. घरी सांगितलं, ॲलर्जीचं इंजेक्शन.

हे औषध म्हणजे मुळात विष. खराब सॉसेज खाऊन माणसं का मरतात, याचा छडा युस्टिनुस केर्नर नावाच्या जर्मन डॉक्टरने १८२० च्या सुमारास लावायला घेतला. तो कवीही होता, त्यामुळे ते विष त्याने स्वतःच चाखून पाहिलं. पुढे तिरळेपणावर ते उपयोगी पडलं, आणि व्हँकुव्हरच्या कॅरदर्स दांपत्याच्या लक्षात आलं की पापण्यांच्या विकारावर टोचलं तर आठ्याही जातात. १९९२ साली त्यांनी तसा लेख लिहिला आणि जगभरच्या मामांची सोय झाली.

नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. तेही तीन-चार महिने. पण भुवई उभी असते ती ओढाताणीवर. कपाळाचा स्नायू तिला वर खेचतो, भुवयांमधले आणि डोळ्याभोवतीचे खाली. मधलं कपाळ गप्प झालं आणि कडेचं जागं राहिलं, की भुवईचं शेपूट वर चढतं. माझं नेमकं तेच झालं. आठी गेली आणि चेहऱ्यावर कायमचं ‘असं का?’ येऊन बसलं. कडेला अजून थोडं टोचलं की बसतं म्हणे. म्हणजे पुन्हा विरार.

एरवी खपून गेलं असतं. पण मी बोईसरला एमआयडीसीत जातो, आणि सकाळच्या डहाणू गाडीत सगळा कारभार भुवईवर चालतो. गाडी विरारहूनच भरून येते. बसलेल्याला ‘कुठे उतरणार?’ असं तोंडाने विचारणारा नवखा समजावा. त्याच्याकडे बघून भुवया एकदा उचलायच्या. त्याने हनुवटी किंचित खाली केली, तर पालघर. भुवया दोनदा उडवल्या, तर बोईसर. डोळेच मिटून घेतले, तर डहाणू, नाद सोडा. २०१४ ला जिल्हा झाल्यापासून पालघरला उतरणारी सरकारी मंडळी वाढली. फायलींच्या पिशवीवरून ती ओळखू येतात, पण ओळखणं वेगळं आणि नंबर लावणं वेगळं. नंबर भुवईनेच लागतो, आणि तो सफाळे यायच्या आत लागला पाहिजे. खिडकीसाठी एक भुवई पुरते. चौथ्या सीटसाठी दोन्ही लागतात, वर थोडी लाचारी. केळवे रोड गेलं की बाजार उठला. आता माझी भुवई कायमचीच वर, त्यामुळे मी अख्ख्या डब्याकडे एकाच वेळी जागा मागत होतो. शेवटी एक गृहस्थ पेपर आपटून ओरडले, ‘‘अहो, बोईसर सांगितलं ना! किती वेळा विचाराल?’’

सफाळ्यात एका दहाव्याला गेलो. मुलगा सांगत होता, ‘‘बाबांना शेवटी काही त्रास झाला नाही.’’ मी मान हलवली. भुवई म्हणाली, असं का? बिचाऱ्याने आत जाऊन केसपेपर आणून दाखवला.

लग्न तोंडावर आलं आणि अक्काचा, म्हणजे भाचीच्या आईचा, अर्धा चेहरा एका रात्रीत ओघळला. डॉक्टरांनी आधी तिला भुवया वर करायला सांगितल्या. मेंदूचा झटका असेल तर कपाळ सहसा दोन्हीकडे हलतं. चेहऱ्याची नस सुजली असेल तर त्या बाजूचं कपाळही जातं. अक्काचं गेलं होतं. म्हणजे बरं होण्यातलं होतं, बहुतेकांचं होतं. पण पाहुण्यांना दम कुठला! ‘‘फोटोत तिला एका अंगाने बसवा.’’ ‘‘पदर जरा पुढे ओढून घे म्हणावं.’’ ‘‘कन्यादानाला काका-काकूच बसू देत.’’ जिने पहाटे चारला उठून लोकांचे डबे करून ही पोर शिकवली, तिला तिच्याच मांडवात आडोसा? रागाने माझे हात थरथरायला लागले. एक काका माझ्या गुळगुळीत कपाळाकडे बघून म्हणाले, ‘‘बघा, मामांचीही काही हरकत दिसत नाही.’’

मग मला तोंड उघडावं लागलं. काय बोललो ते छापण्याजोगं नाही, पण काकू परत खुर्चीत जाऊन बसल्या.

संध्याकाळी अक्का आरशापुढे व्यायाम करत होती. डोळा मीट, गाल फुगव, भुवया वर. एकटीला कंटाळा येतो म्हणून तिने मलाही शेजारी बसवलं. तिची एकच भुवई चढली. माझं कपाळ ढिम्म. शेपटं तेवढी थरथरली. आरशातून तिने मला नीट न्याहाळलं.

‘‘तुझं रे कधी गेलं?’’

सांगावं लागलं, किमतीसकट.

‘‘एवढे?’’ अक्का अर्ध्या तोंडाने हसायला लागली ती थांबेचना. ओठाच्या कोपऱ्यातून चहा गळला तो पदराने पुसत म्हणाली, ‘‘माझं तर फुकटात झालं की!’’