मार्चएंडचे अण्णा

पेणला गल्लोगल्ली गणपतीचे कारखाने. हल्ली त्यांच्या जोडीला दुर्बीणवालेही झालेत. त्यांचा अर्क म्हणजे रोह्याचे अण्णा. बँकेतून निवृत्त झाले, पण हिशेब सुटला नाही. 1 जानेवारीला खातं शून्यावर उघडायचं, 31 डिसेंबरला बंद करायचं. मधे दिसेल तो पक्षी, मुंगूस, घोरपड एकदाच जमा. ‘पाहिला’ असं अण्णा म्हणत नाहीत, ‘झाला’ म्हणतात. खंड्या झाला, धोबी झाला, शेकरू फणसाडला झालं.

1 जानेवारीच्या पहाटे कावळ्याला अण्णांइतका मान कुणी देत नसेल. 2 तारखेपासून त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मागे एका नातलगाच्या दहाव्याला आम्ही कुंडलिकेच्या काठी जमलो होतो. कावळा काही शिवेना. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघू लागले. कुणीतरी म्हणालं, “अण्णा, दुर्बीण आहे ना, बघा कुठे दिसतो का.” अण्णा नदीकडे तोंड करून उभे. “कावळा जानेवारीतच झालाय हो! हा तुतवार बघू द्या, उडेल.” शेवटी एक कावळा आला. सगळ्यांनी हात जोडले, अण्णांनी दुर्बीण वळवली. “हा डोमकावळा. गावकावळा नव्हे. चालतो ना गुरुजी?”

फाल्गुन-चैत्र हा त्यांचा मार्चएंड. हिवाळी पाहुणे उत्तरेला परतण्याआधी थकबाकी वसूल व्हायला हवी. मध्य आशियाकडे निघालेल्या भोरड्या पांगाऱ्याच्या लाल फुलांवर कल्ला करतात, तेव्हा अण्णा दिवा-रोहा मेमूच्या दारात लटकलेले. एकदा खाचरातला चिखल्या गाठायला कासूला उतरले आणि परतीच्या गाडीला संध्याकाळ झाली. मी म्हटलं, “अण्णा, हे सगळे सप्टेंबर-ऑक्टोबरात परत येतातच की. वर्षही तेच.”

“ऑक्टोबर कोणी पाहिलाय?” अण्णा म्हणाले. त्यांचं वय आठवून मी गप्प बसलो. तर पुढे म्हणतात, “बुडीत खाती अशीच होतात.”

घरात वही एकच. त्यामुळे तूरडाळ 1 किलो, तुतवार 1, हळद पाव किलो, हळद्या 2 हे सगळं एकाखाली एक. काकूंनी ती वही नजरचुकीने वाण्याकडे पाठवली, तर निरोप आला : हळद्या संपलाय, हळदच जास्त देऊ का?

2015 साली नोआ स्ट्रायकर या अमेरिकन तरुणाने जगभर हिंडून एका वर्षात 6042 जाती पाहिल्या, हे मी त्यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “रजा कशी मंजूर झाली?” सालिम अलींवर मात्र त्यांचा मनापासून राग आहे. आपल्याच अलिबाग तालुक्यात, किहीमला, 1930 साली अलींनी सुगरणीची घरटी बघण्यात महिने घालवले. नर अर्धवट खोपा विणतो, मादी येऊन पारखून घेते, मग तो पुढचा विणायला घेतो, हे सगळं त्या बसण्यातून कळलं. अण्णांच्या लेखी हा निव्वळ अपव्यय. “एकाच पक्ष्यावर? तेवढ्यात माझे पन्नास झाले असते!” सुगरण त्यांनी चालत्या गाडीतून केलेली आहे.

गेल्या मेअखेरीस माझ्या पेणच्या परसात, चिकूखाली, नवरंग उतरला. पावसाच्या तोंडावर दक्षिणेकडून येतो तोच. पाचोळा उलटत इकडून तिकडे फिरत होता, शेपटाखाली लाल, पंखावर निळं. मी अण्णांना फोन केला. मिळेल त्या वाहनाने आले, तोवर तो गेलेला. अण्णांनी माझ्याकडे कर्जबुडव्याकडे बघावं तसं बघितलं. “फोटो? नाही? साक्षीदार? मग तुमचाही झाला नाही.” चहा न घेता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्याने चिकूखालून दुहेरी शीळ घातली. मग पाऊस लागेपर्यंत रोज घालत होता. मी अण्णांना पुन्हा फोन केला नाही.