कारल्याचं बी आणि काकूंचं नेलकटर

"अगं, तीन दिवस पाण्यात? बी आहे की लोणच्याची कैरी?" दिल्लीतल्या मलकागंजच्या आमच्या गच्चीच्या कठड्यापलीकडून काकू गरजल्या. खालचा भाजीवालासुद्धा मान वर करून बघायला लागला.

"काकू, भिजवायचं असतं ना?"

"रात्रभर गं! जास्त बुडालं की त्याला हवा मिळत नाही, कुजतं. आण इकडे." वाटी नाकाशी नेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. "गेलं हे."

मग आतून नेलकटर आलं, आणि कासवाच्या पाठीसारख्या खडबडीत बियांची पुडी. काकूंनी एक बी चिमटीत धरलं आणि टोकाकडची कडा टचकन उडवली. एवढीशीच, नखाएवढीही नाही. "मोड इथूनच येतो. आतल्या डाळीला लागलं की संपलं. हात थरथरत असेल तर पॉलिश पेपरवर घास. पडवळालाही हेच. काकडीला मात्र यातलं काही नको, तिचं साल पातळ."

"मग?"

"मग रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी ओल्या फडक्यात पुरचुंडी, आणि ती डब्यात घालून गॅसच्या जवळ. इथली फेब्रुवारी आपल्याकडची नव्हे, थंड मातीत बी रुसतं. पंचवीस-तीस अंशांची ऊब हवी. आणि मटकीसारखी दुसऱ्या दिवशी मोडाची वाट बघू नकोस, चार-पाच दिवस जातात."

बी कुठलं, तर 'पुसा दो मौसमी'. उन्हाळी, पावसाळी दोन्ही हंगामांत चालतं. तिथून काकूंची गाडी सुटली. "पुसा तरी कुठे दिल्लीचं? बिहारातलं गाव ते. 1934 च्या भूकंपात तिथल्या शेती संशोधन संस्थेची इमारत पडली, 1936 ला संस्था इथे आली. आणि हे आपल्या शेजारचं हिंदूराव, ते तरी कोण? आपल्या कागलचे घाटगे! ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. 1835 मध्ये इथल्या ब्रिटिश अधिकारी फ्रेझरसाहेबाचा खून झाला, मग टेकडीवरचा त्याचा बंगला यांनी घेतला. आता तिथे हॉस्पिटल आहे. रिक्षावाल्याला विचार, हिंदूराव म्हणजे हॉस्पिटल!"

मोजून आठ बिया दिल्या. मोड आल्यावर मी त्या एकेका कुंडीत बोटाच्या पेराएवढ्या खोल लावल्या. एक कुंडी माकडांनी उलथली, एक बी आलंच नाही, बाकी सहा उगवल्या. वेल आता कठडा ओलांडून पलीकडे गेलेत, आणि कारली काकूच तोडतात.