वीस चौरस फुटांची प्रगती

गिरगावातल्या चाळीत आमची खोली १० बाय १८ची होती. म्हणजे १८० चौरस फूट, आणि त्यात आम्ही सहा जण. त्या खोलीतून बाहेर पडायचं या एकाच ध्येयाने मी इंजिनिअर झालो, १९८२ साली अमेरिकेत आलो, मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ मोटारींचे ब्रेक डिझाइन करण्यात ३७ वर्षं घालवली, ३० वर्षं हप्ते भरून चार बेडरूमचं घर केलं आणि निवृत्त झाल्यावर त्या घराला कुलूप लावून २५ बाय ८च्या आरव्हीत राहायला गेलो. २०० चौरस फूट. मुलाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे बाबा, चाळीस वर्षांत वीस फुटांची प्रगती!" मुलगा अकाउंटंट आहे. त्याला शिकवायला मीच पैसे भरले.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. ट्रकच्या सांगाड्यावर पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर आणि पोटाखाली तीन टाक्या. इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे गाव या उद्योगाची राजधानी. तिथे आरव्हीच्या इतिहासाचं संग्रहालयसुद्धा आहे. आम्ही ते आधी पाहिलं असतं तर कदाचित पुढचं सगळं टळलं असतं. १९२०-३०च्या सुमाराची ती लाकडी बिऱ्हाडं पाहून कुठल्याही शहाण्या बायकोने नवऱ्याला दंडाला धरून घरी नेलं असतं.

पण आमचं निघायचं कारण बर्फ. डेट्रॉइटला जानेवारीत पहाटे उठून दारापुढचा बर्फ फावड्याने उपसायचा. तो उपसून, हातावर फुंकर मारत आपण घरात शिरतो न शिरतो तोच रस्ता साफ करणारी नांगरगाडी येते आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ आपल्या फाटकाच्या तोंडाशी ढकलून निघून जाते. ग्रीक कथेतल्या सिसिफसचा तोच तोच चढवायचा दगड निदान त्याचा स्वतःचा तरी होता. यंदा ते फावडं हातात घेताना मी "आई गं" म्हणालो, तेव्हा आतून ही म्हणाली, "त्या माऊलीला नका त्रास देऊ. दक्षिणेला चला."

उत्तरेतले निवृत्त लोक हिवाळ्यात दक्षिणेच्या उबदार किनाऱ्यावर उतरतात, त्यांना इथे 'स्नोबर्ड' म्हणतात. फ्लोरिडापासून टेक्सासपर्यंत मेक्सिकोच्या आखाताचा सगळा काठ त्यांच्या आरव्हींनी भरून जातो. टेक्सासवाले जरा अदबशीर. ते त्यांना 'विंटर टेक्सन' म्हणतात. चार महिन्यांसाठी का होईना, नागरिकत्व देऊन टाकतात. मला अमेरिकेचं मिळवायला चौदा वर्षं लागली होती.

निघतानाची गंमत अशी की, थंडीत आरव्हीचे पाण्याचे नळ गोठून फुटतात. म्हणून त्यात पाण्याऐवजी गुलाबी रंगाचं अँटीफ्रीझ भरून ठेवतात. म्हणजे घरात नळ आहेत, पण उघडले तर रूहअफजा येणार. न्हाणीघर आहे, पण बर्फाची हद्द ओलांडेपर्यंत ते शोभेचं. ओहायो, केंटकी, टेनेसी अशी तीन राज्यं आम्ही पेट्रोल पंपांच्या आधाराने काढली. रात्री एका दुकानाच्या पार्किंगमध्ये स्वेटरवर स्वेटर घालून झोपलो, तेव्हा बायकोने अंधारात शांतपणे विचारलं, "घराला किती बेडरूम आहेत हो आपल्या?"

गाडीत आणखी एक शोध लागला. घर चालायला लागलं की घरातलं सगळंच चालायला लागतं. नॅशव्हिलजवळच्या एका वळणावर कपाटाचं दार उघडलं आणि मिसळणाचा डबा उड्या मारत पुढे आला. हळद गालिचावर, तिखट सीटवर आणि मोहरी जिथे जाते तिथे, म्हणजे सगळीकडे. त्यानंतर अलाबामा येईपर्यंत मी ब्रेक लावला की मोहरीचे दाणे मागून पुढे घरंगळत येत आणि गाडी सुटली की पुन्हा मागे जात. ब्रेकच्या कामाचा इतका बारीक अहवाल मला कंपनीच्या प्रयोगशाळेतही कधी मिळाला नव्हता.

अलाबामाचा गल्फ शोअर्सचा किनारा पाहिला आणि ही पहिल्यांदा हसली. तिथली वाळू पांढरीशुभ्र. ॲपलाशियन पर्वतातली गारगोटी नद्यांनी हजारो वर्षं कुटून, चाळून आणून टाकलेली. पायाखाली करकर वाजते. माझी बायको गुहागरची, समुद्राच्या बाबतीत तिच्याकडून प्रमाणपत्र मिळवणं सोपं नाही. तिने चिमूटभर वाळू उचलली, अंगठा आणि तर्जनीतून एक रेघ सोडून बघितली आणि म्हणाली, "इतकी रांगोळी नुसती तुडवताहेत लोक!" एक पिशवी भरून घेण्याचा तिचा विचार मी कायद्याचं नाव काढून मोडला. पण संध्याकाळी आमच्या पायरीपुढे तिथल्याच वाळूचं, तिथेच ठेवलेलं चार ठिपक्यांचं कमळ उमटलं होतं.

आता मुख्य प्रसंग. आरव्ही जागेवर लावायची म्हणजे उलटी घालायची. मागचं काही दिसत नाही, म्हणून एकाने मागे उभं राहून दाखवायचं असतं. स्नोबर्डांचे संसार आजारपणात टिकतात, कर्जात टिकतात. कसोटी लागते ती इथे. आजूबाजूचे लोक संध्याकाळी खुर्च्या टाकून, हातात पेला घेऊन नव्या जोडप्याची वाट बघत बसलेले असतात. त्यांच्यासाठी हा प्रवेश फुकट असतो.

आमच्याकडे मात्र वंशपरंपरागत ज्ञान होतं. माझे सासरे एसटीत कंडक्टर होते. त्यामुळे ही आत्मविश्वासाने मागे गेली आणि "येऊ द्या... येऊ द्या..." असा चिपळूणच्या स्टँडवरचा आवाज आखाताच्या काठावर घुमला. ठरलं होतं की थांबायचं असेल तर गाडीच्या पत्र्यावर एक थाप मारायची. जागेमागचं सहलीचं लाकडी टेबल जवळ आलं तशी तिने एक थाप मारली. माझे कान आता वयाला साजेसे आहेत. मी थांबलो नाही. ती घाबरली आणि तिने दुसरी थाप मारली. ती मात्र ऐकू आली आणि पहिलीही आठवली. दोन थापा. एसटीत बसलेला कुठलाही माणूस सांगेल की सिंगल बेल म्हणजे थांबा आणि डबल बेल म्हणजे जाऊ द्या. मी इमानदारीत जाऊ दिलं.

टेबलाचा एक बाक गेला. प्रेक्षकांतून टाळ्या आल्या. ३७ वर्षं मी गाड्या थांबवण्याचं शास्त्र केलं, हे त्यांना न सांगण्याची समज माझ्यात होती. बायकोत नव्हती.

तिथून मोबीलवरून पश्चिमेला वळलो. मिसिसिपीचा चिमुकला किनारा, मग लुइझियाना. तिथे अ‍ॅचाफलायाच्या दलदलीवरून रस्ता जातो तो चांगला १८ मैलांचा पूलच आहे. खाली पाण्यात उभी सायप्रसची झाडं आणि मगरी. वर आम्ही, गॅलनला नऊ मैल देणारं घर घेऊन. मग टेक्सासमध्ये शिरून ह्यूस्टनला वळसा घातला आणि रॉकपोर्ट गावच्या आरव्ही पार्कात मुक्काम ठोकला. २०१७च्या ऑगस्टमध्ये हार्वी नावाचं वादळ या गावाजवळच जमिनीवर आलं होतं. शेजारच्या गूस आयलंडच्या उद्यानात हजाराहून अधिक वर्षांचा एक ओक आहे, तो त्यातूनही वाचला. समुद्राच्या वाऱ्याने गावातले सगळे ओक एकाच बाजूला कलले आहेत. लांबून पाहिलं तर गावची म्हातारी मंडळी कमरेवर हात ठेवून चालली आहेत असं वाटतं. जवळून पाहिलं तर तसे लोकही बरेच दिसतात.

इथे आल्यावर मी टाक्यांकडे वळलो. तीन टाक्यांपैकी एक स्वच्छ पाण्याची, एक मोरीच्या पाण्याची. तिला 'ग्रे' म्हणतात. तिसरीला 'ब्लॅक' म्हणतात आणि तिच्यात काय असतं ते रंगावरून ओळखावं. दर चार-पाच दिवसांनी हातमोजे चढवून, जाड नळी जोडून आधी ब्लॅक सोडायची आणि मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. क्रम चुकला तर शेजार बदलावा लागतो.

पहिल्यांदा ती नळी धरून उभा राहिलो तेव्हा मला आजोबा आठवले. 'कोकणचे गांधी' अप्पासाहेब पटवर्धनांबद्दल ते फार आदराने बोलत. हा माणूस स्वतः संडास साफ करतो, दुसऱ्यावर सोपवत नाही, हे सांगताना त्यांचे डोळे भरून येत. मग ते डोळे पुसत आणि चाळीच्या टोकाचा संडास साफ करायला येणाऱ्या माणसाला पाणीसुद्धा वरून ओतत. त्या माणसाचं नाव मला कधीच माहीत नव्हतं. आजोबांनाही नसावं. टेक्सासच्या उन्हात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, आमच्या घराण्यात पहिल्यांदा ज्याचं त्याने उरकलं. शेजारच्या मिनेसोटाच्या आजोबांनी हात उंचावून दाद दिली. त्यांच्या हातात तसलीच नळी होती.

आणि मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की मी कुठे आलोय. दोन आरव्हींमध्ये अंतर दहा-बारा फुटांचं. भिंती अशा की मिनेसोटाचे आजोबा घोरायला लागले की आमची ही मलाच कोपर मारते. कपडे धुण्याची जागा सामाईक, त्यामुळे सगळ्या बातम्या तिथे धुऊन निघतात. कोणाची मुलगी फोन करत नाही, कोणाचा गुडघा बदलला, कोण कोणाशी का बोलत नाही. माणसांना नावं नाहीत. आयोवावाल्या काकू, मॅनिटोबाचे मामा, सात नंबरवाल्या. आम्ही 'मिशिगन' झालो. संध्याकाळी टेक्सासचा '४२' नावाचा डॉमिनोंचा खेळ रंगतो आणि त्यात भांडणं अगदी गॅलरीतल्या रमीसारखी होतात. ज्या चाळीपासून मी आठ हजार मैल पळालो, तिनेच चाकं लावून मला इथे गाठलं होतं.

शिक्कामोर्तब फोडणीने केलं. आरव्हीत धुराचा अलार्म शेगडीपासून चार पावलांवर असतो. मोहरी तडतडली की तो किंचाळतो. पहिल्या दिवशी आमटीच्या फोडणीला चार शेजारी आग विझवायचं यंत्र घेऊन धावत आले. दुसऱ्या दिवशी दोन आले. तिसऱ्या दिवशी आयोवावाल्या काकू एकट्याच आल्या, यंत्राऐवजी वाडगा घेऊन. दोन आठवड्यांत पार्काला कळून चुकलं की अलार्म झाला म्हणजे वाढायला दहा मिनिटं आहेत. वाडगा अर्थात रिकामा परत येत नसे. तेवढी रीत आयोवातही आहे. एकदा त्यातून हिरवी लिंबाची जेली आली, आत किसलेलं गाजर. बायकोने चमच्याने ती हलवून पाहिली आणि हळहळून म्हणाली, "कोशिंबीर बुडाली हो बिचारी."

एकदाच हवामानाने दगा दिला. दुपारी चड्डी-बनियनवर बसलो होतो, तोच उत्तरेकडून काळसर पट्टा उठला. त्याला इथे 'नॉर्दर' म्हणतात. तासाभरात ऊन गेलं आणि दात वाजायला लागले. सगळे विंटर टेक्सन कुडकुडत होते, पण चेहरे प्रसन्न. जो तो फोनवर आपल्या गावचं तापमान पाहून शेजाऱ्याला दाखवत होता. इकडचं सुख मोजायला तिकडचा बर्फ लागतो.

निघायच्या आधी होडीतून व्हूपिंग क्रेन बघायला गेलो. आपल्या सारसाचा हा भाऊबंद. पाच फूट उंच, पांढराशुभ्र, डोक्यावर तांबडा ठिपका. दर हिवाळ्यात हे पक्षी कॅनडाच्या उत्तरेतून अडीच हजार मैल उडून शेजारच्या अरॅन्सस अभयारण्यात येतात. १९४१च्या हिवाळ्यात इथे जेमतेम पंधरा-सोळा उरले होते. आता पाचशेच्या वर आहेत. दलदलीत एक जोडपं होतं, मध्ये तांबूस पिसांचं पिल्लू. नर निळे खेकडे शोधत होता, मादी त्याने कुठे शोधायला हवे ते बघत होती. वाटाड्या म्हणाला, प्रत्येक जोडप्याचा दलदलीचा तुकडा ठरलेला असतो. दरवर्षी तिथेच येतात आणि दुसऱ्याला पाऊल ठेवू देत नाहीत.

परत आल्यावर ही तडक पार्काच्या ऑफिसात गेली. मी मागोमाग. पुढच्या वर्षी हीच जागा हवी, तिने सांगितलं. घराला चार बेडरूम आहेत याची आठवण मी तिला करून दिली नाही. काउंटरवरच्या बाईंनी वही चाळली आणि मान हलवली. ही जागा यंदा एका कुटुंबात ऑपरेशन निघालं म्हणून मोकळी होती. ते अकरा वर्षं इथेच उतरतात आणि पुढच्या वर्षी परत येणार. पुढच्या वर्षीच्या सगळ्याच जागा लागल्यात आणि प्रतीक्षायादी लांब आहे.

बाहेर आलो. बायकोने पदर खोचावा तसं जॅकेट खोचलं आणि हळूच म्हणाली, "अहो, त्यांना आत जाऊन विचारा तरी. पागडी किती पडेल?"