चिखल विकत घेताना

अमेरिकेत सगळ्या वस्तूंची नावं वस्तूपेक्षा मोठी असतात. हेवी-ड्युटी पिकअप ट्रक हा त्याला सन्माननीय अपवाद. फोर्ड एफ-२५०, रॅम २५००, शेव्हरोले सिल्व्हराडो २५०० एचडी या जातीच्या ट्रकला तिकडे अजूनही ‘पाऊण टनी’ म्हणतात. हे माप आजोबांच्या काळातलं. आज हा पाऊण टनी गडी मागच्या हौद्यात सव्वा-दीड टन माल बिनतक्रार घेतो, शिवाय मागे चार-पाच टनांचं ट्रेलर ओढतो, आणि रिकामा उभा असला तरी स्वतःच तीन टनांच्या घरात भरतो. एवढा विनय अमेरिकेला झेपत नसावा. म्हणून ट्रकच्या नावात राहून गेलेली सगळी बढाई टायरच्या नावात वसूल केली जाते. कंपनीने दिलेले टायर झिजले, की मालक दुकानात जातो आणि भिंतीवर टांगलेली नावं वाचू लागतो: वाइल्डपीक, ग्रॅबर, रिज ग्रॅपलर, बाहा बॉस. हे टायर आहेत की कुस्तीच्या फडात उतरलेले पैलवान, अशी शंका यावी. त्याच भिंतीच्या कोपऱ्यात ‘ट्रान्सफोर्स एचटी’ नावाचा एक टायर निमूट टांगलेला असतो. नावावरून तो एसटी महामंडळाच्या भांडारात नोकरीला असावा असं वाटतं. माझं म्हणणं एवढंच, की शंभरातल्या बहुतेक मालकांनी हाच टायर घ्यायला हवा, आणि तो घ्यायला त्यांचं मन का होत नाही, हे कोडं टायरशास्त्राचं नसून मनुष्यस्वभावाचं आहे.

दुकानातला माणूस टायरचा चेहरा पाहतो, म्हणजे नक्षी. चिखलाच्या टायरची नक्षी खरोखर देखणी असते. रबराचे मोठमोठे ठोकळे, त्यांच्यात बोटं सहज जावीत अशा खाचा. त्या खाचांचं काम चिखल धरून ठेवण्याचं नव्हे, तर चाक फिरताना तो भिरकावून देण्याचं, म्हणजे पुढच्या फेरीत ठोकळ्याला पुन्हा नवा चिखल चावता येतो. उत्तम योजना आहे. अट एवढीच, की चिखल हवा. डांबरी रस्त्यावर चावायला काही नसतं. तिथे रबर रस्त्याला जितकं जास्त टेकेल तितकी पकड, आणि इथे तर निम्म्या जागी खाचाच. मोठे ठोकळे वेगात वाकतात, तापतात आणि रस्त्यावर एकेक करून आपटत जातात, त्यातून तो घोंघावणारा आवाज निघतो. तो एकसुरी होऊ नये म्हणून कारागीर ठोकळे मुद्दाम लहानमोठे ठेवतात. म्हणजे आवाज जात नाही, फक्त त्याला चाल लागते. ओल्या रस्त्यावर किंवा घट्ट बर्फावर पकड येते ती ठोकळ्यांवर मारलेल्या बारीक चिरांमुळे, आणि चिखलाच्या टायरला त्या बेताच्याच असतात, कारण फार चिरलेला ठोकळा दगडांत टिकत नाही. इंधनाचा हिशेबही फार दूर नाही. टायरचा लोळण्याचा विरोध १० टक्क्यांनी घटला तर इंधन १ ते २ टक्के वाचतं, असा अंदाज अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००६ सालच्या अहवालात आहे. उलट दिशेने गेलात तर तेवढंच जातं. ते पैसे चिखलाचे असतात, पण चिखल मिळत नाही.

खरं वाचायचं ते चेहऱ्यावर नसून कडेला असतं. टायरच्या कडेवर कंपनी जे कोरून ठेवते, ते तिच्या जाहिरात खात्याने लिहिलेलं नसतं, म्हणून त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. या ट्रकांचं एक नेहमीचं माप घेऊ: एलटी २७५/७० आर १८, पुढे १२५/१२२ आर, आणि भाराची श्रेणी ‘ई’. यातला १२५ हा आकडा कोड्याचा आहे. त्याचा अर्थ एका टायरने १,६५० किलो म्हणजे ३,६४० पौंड उचलावेत. १२२ हा जोडचाकांसाठी, कारण शेजारी भाऊ असला की प्रत्येकावरचा भरवसा थोडा कमी धरतात. ‘ई’ श्रेणीला दुकानदार ‘१० प्लाय’ म्हणतो आणि गिऱ्हाईक भारावून जातं. प्रत्यक्षात त्या टायरमध्ये दहा थर नसतातच. टायरच्या आत सुती धागे असत, त्या काळी इतकी ताकद यायला दहा थर लागत. आज पॉलिएस्टरचे दोन-तीन थर आणि वर पोलादी पट्टे एवढ्यात काम भागतं, पण पदवी राहिली. रावबहादुरी सरकारने बंद केली तरी वाड्यावरची पाटी कोणी काढत नाही, तसं.

आता सगळ्यात महत्त्वाची ओळ, जी सहसा कोणी वाचत नाही: हा भार ८० पीएसआय दाबाच्या हवेवर. म्हणजे ओझं रबर उचलत नाही, हवा उचलते. रबर फक्त हवेला पळून जाऊ देत नाही. त्याच टायरमधली हवा ६५ वर आणली, की ३,६४० पौंडांचे सुमारे ३,२०० होतात. हजार-दीड हजार डॉलर मोजून माणूस हवा ठेवायची चार भांडी घेऊन जातो, आणि भांड्यांच्या नक्षीवर मित्रांशी तासभर वाद घालतो. आत किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. त्या ट्रकमधला वाचनीय मजकूर तेवढाच आहे, आणि तो फुकट आहे.

भिंतीवरच्या पैलवानांची खरी परीक्षा इथे होते. मूळचा टायर उंचीला सुमारे ३३ इंच. मालकाला ३५ इंची हवा असतो, कारण ३५ हे ३३ पेक्षा जास्त आहेत. यापलीकडचं कारण मी अनेकांच्या युक्तिवादात शोधलं आहे. पण ३५ × १२.५० आर १८ या मापाच्या ‘ई’ श्रेणीतल्या बऱ्याच टायरांच्या कडेवर आकडा असतो १२३, म्हणजे १,५५० किलो, आणि तोही ६५ पीएसआयवर, कारण त्यापेक्षा जास्त हवा त्यांना सोसत नाही. टायर उंच झाला, रुंद झाला, जड झाला, महाग झाला आणि उचलायला लागला शंभर किलो कमी. मागच्या आसावर दोन टायर, म्हणजे दोनशे किलो गेले. आपल्याकडच्या हिशेबात कांद्याची चार पोती उतरवून ठेवली. ट्रेलर ओढणाऱ्याला हे विनोदी वाटणार नाही. हौद्यात जोडलं जाणारं १०,००० पौंडांचं फिफ्थ-व्हील ट्रेलर आपल्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे २,००० पौंड, नेमका त्याच आसावर टेकवतं. शिवाय चाक पाच टक्क्यांनी मोठं झालं, की गाडीतलं यंत्र नव्याने जुळवून घेईपर्यंत वेगाचा काटा कमी दाखवतो. काट्यावर ६५ मैल दिसत असतात तेव्हा ट्रक ६८च्या पुढे असतो, आणि पोलिसाच्या रडारला टायरची हौस कळत नाही. मैलही कमी मोजले जातात: ५० हजार मैल पळालेला ट्रक साडेसत्तेचाळीस हजारच कबूल करतो. या फेरबदलातला एवढा एकच फायदा मला सापडला, आणि तो ट्रक विकताना सांगण्यासारखा नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की चिखल ही काही कविकल्पना नाही. मान्य. आयोवातला शेतकरी, पश्चिम टेक्सासच्या तेलविहिरींवर जाणारा मिस्त्री, मोंटानातला लाकूडतोड्या यांना रोज सकाळी डांबर सोडावं लागतं, आणि खडीच्या रस्त्यावर साधा टायर चिरला तर मदत यायला दुपार होते. त्यांनी जाड ठोकळ्यांचा टायर घ्यावा. पण त्याच्याही कडेवरचा आकडा आधी वाचावा. मजा अशी, की ही मंडळी सहसा वाचतातच. ज्याच्या पोटाचा प्रश्न टायरवर आहे, त्याला टायरचं नाव आठवत नाही, माप आठवतं. दुसरा आक्षेप हिमाचा, आणि तो अधिक वजनदार आहे. मिनेसोटाच्या जानेवारीत माझा निमूट ट्रान्सफोर्स-पंथ उघडा पडू शकतो, कारण या जातीचे सगळेच रस्त्याचे टायर हिमाला तयार नसतात. पण इथेही निवाडा नक्षीने होत नाही, कडेवरच्या चिन्हाने होतो. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाची कळी, हे चिन्ह ठरावीक चाचणीत उतरल्यावरच मिळतं. ‘एम+एस’ ही अक्षरं मात्र चिखल आणि हिम या दोघांचं नाव घेऊन नक्षीच्या आकारावरच कोरली जातात, त्यासाठी हिमात उतरावं लागत नाही. डोंगराचं चिन्ह असलेला मध्यम नक्षीचा ‘ऑल-टेरेन’ टायर उत्तरेत घेणाऱ्याशी माझं भांडण नाही. ते चिन्ह नसलेला, दात विचकणारा टायर हिमासाठी घेणाऱ्याशी आहे.

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी मांडत नाही, पण खरा तोच: छान दिसतो हो! याला तर्काने उत्तर देता येत नाही आणि देऊही नये. माणूस हौसेसाठी पैसे घालवतो म्हणून तर जगात अत्तर विकलं जातं. बीएफगुडरिचचा ऑल-टेरेन १९७६ पासून चालत आला आहे, आणि अशा टायरांच्या एका कडेला उठावदार पांढरी अक्षरं असतात, दुसऱ्या कडेला काळी. अक्षरं बाहेर ठेवायची की आत, यावर सज्जन माणसं वर्षानुवर्षं दोन तट पाडून आहेत. ही हौस मला मान्य आहे, कारण पांढऱ्या अक्षरांचं वजन होत नाही. आपणही काही फार वेगळे नाही. तेंडुलकरच्या बॅटवर पाहिलेलं टायर कंपनीचं नाव ज्याने दुकानात पहिल्यांदा उच्चारलं नसेल, त्यानेच अमेरिकनाला हसावं.

मात्र आपल्याकडच्या पिकअपला ही चैन परवडत नाही. लासलगावच्या बाजार समितीत कांदा घेऊन लागलेल्या रांगेतल्या गाड्यांकडे पाहिलं, तर एकाही टायरला स्वतःचा चेहरा असल्याची जाणीव दिसत नाही. पाटे उलटे वाकलेले, हौदा काठोकाठ. तिथे टायर ठरतो तो माल काय आणि किती, यावर. अर्थात तिथली चूक उलट टोकाची आहे: भाराचा आकडा ठाऊक असतो, पण तो सूचना म्हणून नव्हे, आव्हान म्हणून घेतला जातो, आणि टायर पार गोटा होईपर्यंत चालवला जातो. एकजण रिकाम्या हौद्याखाली डोंगर चढणारा टायर लावतो, दुसरा दुप्पट मालाखाली संपलेला. कडेवरचं दोघंही जुमानत नाहीत.

टायरच्या बाबतीतल्या चुकीची किंमत अमेरिकेने एकदा मोजली आहे, आणि तिथे विनोद थांबतो. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत मागवले. बहुतेक फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरचे, आणि त्यातल्या एका मालिकेचं नाव ‘वाइल्डरनेस’, म्हणजे घोर अरण्य. अपघात मात्र झाले ते उन्हाने तापलेल्या सरळ महामार्गांवर, टायरची नक्षी पट्ट्यांपासून सुटून. दोनशेहून अधिक माणसं गेली. दोष टायरच्या घडणीचा, की फोर्डने सांगितलेल्या २६ पीएसआय हवेचा, यावर दोन्ही कंपन्यांनी एकमेकींकडे बोट दाखवलं आणि जवळजवळ शतकाची सोयरीक मोडली. त्याच वर्षी कायदा झाला, आणि पुढे नव्या गाड्यांत हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा सक्तीचा झाला. पण १०,००० पौंड एकूण वजनापर्यंतच्याच गाड्यांना. त्यापुढे भरणाऱ्या, म्हणजे सर्वांत जास्त ओझं वाहणाऱ्या पिकअपना कायद्याने दिवा लागत नाही. त्यांच्या मालकाने हवा मोजण्याचं वीस डॉलरचं यंत्र घ्यावं, अशी अपेक्षा असावी. तो वीस डॉलरची पांढरी अक्षरं घेतो.

आता उलटा मुद्दा, कारण हवा जास्त भरण्यातही पुण्य नाही. ८० पीएसआय ही भरल्या ट्रकची गरज. दाराच्या चौकटीवर पुढच्या चाकांना बहुधा कमी आकडा दिलेला असतो. तो सोडून सगळीकडे ८० भरून रिकामा ट्रक पळवला, तर टायर मध्यावर झिजतो आणि मालकाच्या मणक्याला रस्त्याची बारीकसारीक माहिती मिळत राहते. मग तो सांगतो की हा टायर कडक आहे, आणि आणखी महागातला घेतो.

दुकानातून निघण्यापूर्वी कडेवरचे आणखी चार आकडे पाहावेत. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ३२१९ असं काही असेल, तर तो टायर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात जन्मला. ‘घसघशीत सवलत’ कशावर आहे हे बहुधा तिथे कळतं, कारण रबर दुकानात टांगूनही म्हातारं होतं. आणि ट्रकच्या पोटाखाली लटकलेली स्टेपनी कोणीतरी वाकून पाहावी. वरच्या चारांना ३५ इंच केलं, तर ती बिचारी ३३चीच राहते. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये असं असमान चाक लावून चारही चाकांना जोर दिला, की गिअरपेटीच्या आत भांडण सुरू होतं. म्हणून टायरचा भाव विचारताना तो पाचांचा विचारावा. दुकानदार आधी चमकेल, मग आकडा सांगेल, आणि गिऱ्हाइकाचा हात आपोआप कोपऱ्यातल्या ट्रान्सफोर्सकडे वळेल.