बोदवडचा होऊ घातलेला एडिसन

जळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागात, भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेल्या बोदवड या तालुक्याच्या गावी कापूस, मका आणि अभियंते अशी तीन पिके निघतात. पैकी पहिल्या दोहोंचा भाव बाजार समितीत ठरतो आणि तिसऱ्याचा पुण्यात, हिंजवडीच्या परिसरात. या तिसऱ्या पिकात दर हंगामाला एखादा असा निघतो, की उत्तम भाव मिळूनही त्याचा जीव बाजारात रमत नाही. गावात त्याला ‘शास्त्रज्ञ’ म्हणतात, क्वचित आदराने आणि बहुधा लांबून हाक मारताना. प्रस्तुत विवेचन या नमुन्याविषयी आहे, कोणा एका व्यक्तीविषयी नाही; तरीही ते वाचून बोदवडमधल्या दोन-तीन घरांत ‘हे आपल्याच पोराचं लिहिलंय’ असे म्हटले जाण्याचा संभव आहे.

या नमुन्याचे पहिले लक्षण म्हणजे त्याचे पॅकेज. पॅकेज म्हणजे कंपनी एका कर्मचाऱ्यावर वर्षभरात जो एकूण खर्च करते त्याचा आकडा. त्यात मूळ पगार, घरभाडे भत्ता, भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, विम्याचा हप्ता आणि कामगिरी चांगली ठरलीच तर मिळणारी बदलती रक्कम असे सगळे मोजलेले असल्यामुळे, पॅकेज आणि प्रत्यक्ष हाती पडणारा पैसा यांत बरेच अंतर राहते. बोदवडमध्ये हे अंतर कोणी मानीत नाही. आबा, म्हणजे वडील, पॅकेजला बाराने भागून महिन्याचा पगार काढतात, मामा त्यावर दिवाळीचा बोनस वेगळा धरतात, आणि लग्नाच्या बायोडाट्यात उतरेपर्यंत तो आकडा आणखी थोडा भरलेला असतो. तात्पर्य, ज्या पगारावर लाथ मारण्याची भाषा हा गृहस्थ करतो, तो पगार सबंध असा त्याच्या हाती कधी आलेलाच नसतो. पण त्यागाची थोरवी मोजताना मात्र तोही बायोडाट्यातलाच आकडा धरतो.

दुसरे लक्षण म्हणजे यंत्र. या जमातीत एक गट चुंबकांच्या जोरावर विजेशिवाय चालणारी मोटर करणाऱ्यांचा आहे. त्यांचा विचार येथे केलेला नाही, कारण तो ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाने पूर्वीच केलेला आहे. बोदवडचा खरा, अस्सल संशोधक कापूस वेचणीच्या यंत्रामागे लागलेला असतो, आणि त्याची ही निवड हसण्यावारी नेण्याजोगी नाही. वेचणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर किलोमागचा दर दरवर्षी वाढतो, आणि ही तक्रार त्याने लहानपणापासून जेवताना ऐकलेली असते. प्रश्न अवघडही तितकाच आहे. अमेरिकेत जॉन रस्ट यांना १९२७ मध्ये ओल्या चातीची कल्पना सुचली. आजी चरख्यावर सूत काढताना चाती ओली करीत असे, त्या आठवणीतून त्यांना उमगले की ओल्या, फिरत्या चातीला कापूस आपोआप गुंडाळला जातो. असे असूनही वेचणी यंत्रे मोठ्या प्रमाणावर शेतात यायला पुढे जवळजवळ दोन दशके गेली. शिवाय त्या यंत्राला झाडे एका उंचीची, ओळी लांबलचक, बोंडे एकाच वेळी फुटलेली आणि पाने औषध फवारून आधीच गाळलेली लागतात. बोदवडच्या कोरडवाहू रानात झाड आडवेतिडवे पसरते, बोंडे टप्प्याटप्प्याने फुटतात, तीन-चार वेचण्या कराव्या लागतात, आणि दुसऱ्या वेचणीच्या वेळी त्याच झाडावर तिसरीची हिरवी बोंडे लटकत असतात. मोठे यंत्र तेथे घातले तर पहिल्या फेरीतच हंगाम संपेल.

म्हणून आपला संशोधक हातात धरायचे छोटे यंत्र करतो. ते गोठ्याच्या रिकाम्या अर्ध्या भागात आकाराला येते, आणि उरलेल्या अर्ध्यातली म्हैस ही त्याची पहिली, निःपक्षपाती परीक्षक असते. फवारणी पंपाची बॅटरी, भंगारातून आणलेली वायपरची मोटर, सायकलची साखळी आणि तिच्यावर बसवलेले बारीक दाते एवढ्या सामग्रीतून जे उभे राहते त्याला तो प्रोटोटाइप म्हणतो. प्रोटोटाइप म्हणजे कल्पना खरी आहे की नाही हे पाहण्यासाठी केलेला पहिला कामचलाऊ नमुना. घरात त्याला ‘ते’ म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत ‘ते’ शेतात नेले जाते. सुरुवातीचा थोडा वेळ यंत्र खरोखरच कापूस ओढते, संशोधकाचा भाऊ मोबाइलवर चित्रीकरण करतो, आणि मग कळते की दात्यांनी कापसाबरोबर वाळलेला पाला आणि बोंडाच्या टरफलांचे तुकडेही तितक्याच आवडीने ओढलेले आहेत. शेजारच्या ओळीत कमरेच्या ओटीत कापूस टाकत चाललेली, दोन्ही हातांनी वेचणारी आणि पाल्याला बोट न लावणारी बाई क्षणभर थांबून विचारते, “भाऊ, हे वेचतं खरं, पण मग निवडायचं कोणी?” यंत्र अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा सबंध प्रकल्पावरचा सर्वांत नेमका अभिप्राय होय, कारण जिनिंगवाला, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारा कारखानदार, कचरा पाहून भाव पाडतो आणि वेचणीत वाचलेली मजुरी तेथे परत जाते. चित्रफितीत हा संवाद नसतो.

तिसरे लक्षण पेटंट. पेटंट म्हणजे नवा शोध जगापुढे उघड करण्याच्या मोबदल्यात सरकारने दिलेला मुदतीचा मक्ता. भारतात ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची असते. अपुऱ्या शोधासाठी तात्पुरता मसुदा दाखल करून तारीख राखून ठेवता येते आणि १२ महिन्यांत पूर्ण मसुदा द्यावा लागतो. या १२ महिन्यांत संशोधकाच्या आयुष्यातील सर्वांत सुखाचा काळ सामावलेला असतो. पुढे, पहिल्या अर्जाच्या तारखेपासून सर्वसाधारणपणे १८ महिन्यांनी, पेटंट कार्यालय अर्ज आपल्या पत्रिकेत प्रसिद्ध करते. ही प्रसिद्धी निव्वळ रीतीचा भाग आहे, त्यात शोध खरा की खोटा याची कसलीच तपासणी झालेली नसते, परंतु बोदवडमध्ये त्या दिवशी पेढे वाटले जातात, चौकात फलक लागतो आणि फलकावर संशोधकापेक्षा शुभेच्छुकांची छायाचित्रे मोठी असतात. १९७० च्या पेटंट कायद्याचे तिसरे कलम, ज्यात कशाला शोध म्हणू नये याची यादी दिली आहे, ते फलक लावणाऱ्यांनी वाचलेले नसते. त्या यादीनुसार शेतीची पद्धत हा शोध ठरत नाही, शेतीचे यंत्र ठरू शकते. आणि निसर्गाच्या प्रस्थापित नियमांना उघड छेद देणारा दावाही शोध नव्हे, म्हणजे चुंबकवाल्यांची सोय कायद्यानेही पाहिलेली आहे.

नोकरीच्या करारात एक गोष्ट मात्र अशी असते की जी त्याला पहाटे तीन वाजता आठवते. अशा करारांत पुष्कळदा असे कलम असते की नोकरीत असताना केलेल्या शोधांचे हक्क कंपनीचे. आपली कंपनी विमा दाव्यांची प्रणाली सांभाळते, तिला कापूस वेचून काय करायचे आहे, असा दिलासा तो स्वतःला देतो. पण राजीनाम्याचा मसुदा ईमेलमध्ये ठेवून देतो आणि अधूनमधून त्यातील इंग्रजी सुधारतो.

घरी बैठक बसली की दोन्ही पक्ष एकाच पुरुषाचा दाखला देतात, आणि तो म्हणजे ठिबक सिंचनाचे उद्योजक भवरलाल जैन. शेजारच्या जामनेर तालुक्यातील वाकोदचा हा शेतकऱ्याचा मुलगा वकिलीचे शिक्षण घेऊन स्पर्धा परीक्षेतून सरकारी अधिकारपदासाठी निवडला गेला आणि ते पद त्याने नाकारले, ही कथा खानदेशात सर्वांना पाठ आहे. संशोधक येथेच थांबतो आणि पुढचे वाक्य एकदम ठिबक सिंचनाचे म्हणतो. मधली पाने तो गाळतो, आणि सारी मेख त्या पानांतच आहे. १९६३ च्या सुमारास कुटुंबाच्या ७००० रुपयांवर जैनांनी हातगाडीवरून रॉकेल विकायला सुरुवात केली. मग शेतीमालाच्या आणि अवजारांच्या एजन्सी आल्या. १९७८ मध्ये त्यांनी केळीच्या भुकटीचा बंद कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढले. पुढे नळ्या आल्या, आणि ठिबकाचे पर्व उजाडले ते १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. ठिबकाचा शोधही त्यांचा नव्हता, तो इस्राएलमध्ये सिम्खा ब्लास यांनी विकसित केला होता. जैनांनी तो खानदेशच्या जमिनीला आणि शेतकऱ्याच्या खिशाला बेतला. नोकरी नाकारण्याचे काम एका दिवसाचे होते, रॉकेलचे बरेच लांबले. आबांनाही हे ठाऊक असते, परंतु ते वेगळा निष्कर्ष काढतात: “त्याच्याकडे गाडी होती, तुझ्याकडे ते आहे.”

मामा जरा वाचलेले असतील तर शंकर आबाजी भिसे यांचे नाव निघते. मुंबईत अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी करणारे भिसे १८९७ मध्ये आपोआप वजन करून माल देणाऱ्या यंत्राच्या आराखड्याबद्दल लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेत पहिले आले, मग विलायतेला गेले, छपाईचे खिळे पाडणारी यंत्रे त्यांनी केली, दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला, सर रतन टाटांनी पैसा घातला, आणि तरीही यंत्रापेक्षा भांडवलदारांशी झगडण्यातच त्यांची पुष्कळ वर्षे गेली. १९३५ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे निधन झाले. सरकी काढण्याच्या यंत्राचे पेटंट १७९४ मध्ये मिळवणाऱ्या एली व्हिटनीचीही गत वेगळी नव्हती. त्याचे यंत्र ज्याने त्याने करून घेतले, तो खटले लढत बसला, आणि अखेर सरकारला बंदुका पुरवण्याचे कंत्राट त्याने घेतले. याला बोदवडच्या भाषेत ‘शेवटी सरकारी कामच धरलं’ असे म्हणता येईल, आणि मामा तसे म्हणतातही.

या नमुन्याचा दोष लोभ नाही आणि भित्रेपणाही नाही. नोकरी की शोध हा प्रश्न जोवर सुटत नाही तोवर त्याला पुण्यात बुद्धिवंत आणि बोदवडात त्यागी, असा दुहेरी मान मिळतो, आणि म्हणून तो प्रश्न सोडवणे त्याच्या जिवावर येते. वस्तुतः पाला न ओढणारे दाते करणे हे काम राजीनाम्यावर अडलेले नाही. ते अडले आहे फुटलेल्या बोंडावर, कारण यंत्राची खरी परीक्षा वेचणीच्या काही आठवड्यांतच होऊ शकते आणि नंतर रानात नुसती पऱ्हाटी उरते. तेव्हा राजीनाम्याचे इंग्रजी आहे तसेच राहू द्यावे, वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास लागते हे ध्यानात ठेवावे, आणि रजेचा अर्ज गणपतीपूर्वीच टाकावा.