मिटल्या तोंडाचं माप

नाशिकमध्ये गाण्यासाठी गळा लागतो, ही अट आता उठली आहे. गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, नाशिकरोड, कुठेही जा. शनिवार-रविवारी एखाद्या छोट्या हॉलमध्ये कराओके ग्रुपचा कार्यक्रम असतोच. निवृत्त इंजिनिअर, विमा एजंट, दाताचे डॉक्टर, सोसायटीचे सेक्रेटरी असे सगळे ओळीने किशोर, मुकेश, तलत होऊन जातात. वर्गणी भरली की दोन गाणी मिळतात. श्रोते म्हणजे उरलेले गायक, आणि तेही आपला नंबर येईपर्यंत मोबाइलमध्ये डोकं घालून आपल्याच कडव्याची उजळणी करत असतात. ज्या पंचवटीत विष्णु दिगंबर पलुस्करांनी रामनामाचा आश्रम काढला, तिच्या हाकेच्या अंतरावर हे चालतं. गोदामाईने पूर पाहिलेत, ती हेही बघते.

मी आमच्या ग्रुपातला रफी. रफी कोणी व्हायचं यावर चर्चा झाली नव्हती, मीच झालो.

अडचण एकच होती. स्टेजवर मला माझा आवाज ऐकू यायचा नाही. पायापाशी ठेवलेला मॉनिटर स्पीकर मोठा केला की माइक शिट्टी मारायचा, बारीक केला की माझा सूर सुटायचा. ऐकू येत नाही म्हणून सूर सुटतो, असं माझं निदान होतं. बायकोचं निदान वेगळं होतं, पण तिचा या विषयाचा अभ्यास नाही.

मग टीव्हीवर लक्षात आलं की हल्ली प्रत्येक मोठ्या गायकाच्या कानात काहीतरी असतं. शोध घेतला. व्हॅन हेलन या अमेरिकी बँडचा ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन स्वतःच्याच ढोलांच्या दणदणाटात बाकीच्यांना ऐकू शकत नव्हता. बँडचा साउंड इंजिनिअर जेरी हार्वी याने १९९५ च्या सुमारास त्याच्या कानाच्या मापाचे मॉनिटर घडवून दिले आणि त्यातून एक धंदाच उभा राहिला. आत तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे स्पीकर असतात. ते मूळचे श्रवणयंत्रातले. म्हणजे ऐकू न येणाऱ्यांसाठी केलेली वस्तू जास्त ऐकू यावं म्हणून विकतात. मला हे पटलं. किंमत बायकोला सांगताना एक शून्य माझ्याकडून गिळलं गेलं.

माप द्यायला पंडित कॉलनीतल्या एका क्लिनिकमध्ये गेलो. बाहेरच्या खुर्च्यांवर आजी-आजोबा बसले होते. एक आजोबा मला मोठ्याने म्हणाले, ‘‘पहिलीच वेळ का? सवय होते हळूहळू.’’ मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण तो त्यांना ऐकू गेला नसता.

ऑडिओलॉजिस्ट मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आधी कान तपासले, मग एका बंद खोलीत बसवून हातात बटण दिलं. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. मी अंदाजानेही बरंच दाबलं. कागदावरची रेघ छान सरळ चालली होती, ती ४००० हर्ट्झपाशी खाली कोसळली होती. ‘‘गणपती?’’ त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. तरुणपणी मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीला टेकून काढलेल्या रात्री त्या रेघेत जशाच्या तशा उतरल्या होत्या. मॅडमनी समजावलं, ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करायची. शंभर डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. विकत घेतलेल्या वस्तूच्या माहितीपत्रकात मात्र ‘४०००० हर्ट्झपर्यंत’ असं लिहिलं होतं. माणसाचा कान २०००० ला थांबतो, पन्नाशीनंतर तर त्याच्या खूपच अलीकडे. उरलेले हर्ट्झ मी कोणासाठी विकत घेतले ते मला आजही सांगता येणार नाही. आमच्या सोसायटीतल्या मोत्याला ते लागू पडावेत.

मग मुख्य विधी. दोरा बांधलेला स्पंजचा बोळा कानाच्या नळीत पार दुसऱ्या वळणापलीकडे सरकवला, आणि मला जबरदस्त खोकला आला. कानात हात आणि घशात खोकला हे मला विपरीत वाटलं. पण मेंदूतून थेट पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेची एक फांदी कानाच्या नळीत येते. तिला धक्का लागला की काहींना ठसका लागतो. मी त्या काहींतला. खोकला ओसरल्यावर मॅडमनी दोन रंगांचं सिलिकॉन हातावर मळलं, जाड पिचकारीत भरलं आणि पिचकारी कानाशी आणली. थंडगार काहीतरी आत सरकत गेलं आणि पंडित कॉलनीतल्या रिक्षा त्या बाजूने एकेक करून बंद पडल्या.

पण पिचकारी दाबण्याआधी त्यांनी एक साधा प्रश्न विचारला होता. ‘‘काका, तुम्ही स्टेजवर गाता, की नुसतं ऐकायला हवेत?’’

मी गातो ही बातमी माझ्या दूधवाल्याला माहीत आहे. एलपीजीचा सिलिंडर आणणाऱ्याने माझं एक कडवं पूर्ण ऐकलेलं आहे, कारण सुट्टे पैसे शोधायला मला वेळ लागला होता. पण पांढरा कोट दिसला की माझ्यात विनय संचारतो. मी म्हणालो, ‘‘छे हो, आपलं कुठलं गाणं! ऐकतो आपला थोडंफार.’’

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, ‘‘मग तोंड मिटून शांत बसा.’’

यथावकाश पार्सल आलं. उजव्याला लाल, डाव्याला निळा. दोन्ही तुकडे माझ्या कानांचे ठसे, आणि दोघांचं एकमेकांशी काडीचं साम्य नाही. इतकी वर्षं दोन्ही कान सारखे समजून मी चष्मा लावत होतो. या वस्तूचा एक मोठा गुण सांगतो: ती कोणी उसनी मागत नाही. भाच्याने उत्साहाने मागितली, घालून पाहिली आणि ‘‘मामा, हे दुखतंय’’ म्हणून परत दिली. मात्र विकायला काढली तर कोणी घेतही नाही, हे भाच्यानेच मला मोबाइलवर दाखवलं.

ती कानात बसली की जग थांबतं. कुकर, बेल, बायको, सगळं थांबतं. यातल्या शेवटच्या दोघी थांबल्या तर त्याचे परिणाम नंतर एकत्र भोगावे लागतात. फक्त ढोलपथकाचा सराव थांबत नाही. नाशिकचा ढोल कानाने ऐकायचाच नसतो, तो बरगड्यांत येतो. शिवाय बाहेरचं बंद झालं की आतलं सुरू होतं. स्वतःची पावलं, गिळणं, श्वास. एकदा ती काढायची विसरून मिसळ खायला बसलो. रस्सा ठीक होता. पण पापडाचा पहिला तुकडा दाताखाली गेला आणि मी दोन्ही हातांनी टेबल धरलं. हाडांतून येणारा आवाज एरवी कानाच्या तोंडातून बाहेर निसटतो, बूच बसलं की तो आतच कोंडतो. शेजारच्या टेबलवरच्यांनी माझ्याकडे पाणी सरकवलं. त्यांना वाटलं तर्री लागली.

स्टेजवर वापरायचा खरा वायरलेस संच घ्यायचा तर मॉनिटरइतकेच पैसे पुन्हा लागणार होते. म्हणून मी अक्कल चालवली आणि स्वस्तातला ब्लूटूथ जोडला. साधा ब्लूटूथ आवाज पोचवायला दीड-दोनशे मिलिसेकंद घेतो. गाणी ऐकताना ते जाणवतही नाही. पण आपलाच आवाज तेवढ्या उशिराने कानावर आला की धडधाकट माणूसही बोलताना अडखळतो. अमेरिकेत १९५० च्या सुमारास यावर प्रयोग झालेले आहेत. आमच्याकडे तो दिवाणखान्यात झाला. मी मुखडा घेतला आणि मागून दुसरा कोणीतरी तोच मुखडा घेऊ लागला. मी त्याच्यासाठी थांबलो, तोही थांबला. पुन्हा सुरू केलं तर ‘क’वरच अडकलो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली आणि मला एक वाक्य बोलून दाखवायला आणि दोन्ही हात वर करायला सांगू लागली. पक्षाघाताची लक्षणं तिने नुकतीच कुठेतरी वाचली होती.

कार्यक्रमाला मग सरळ वायर लावली. साउंडवाल्याने मिक्सरच्या हेडफोनच्या भोकातून लांबलचक दोरी सोडली आणि बजावलं, ‘‘काका, फिरायचं नाही हां. मशीन खाली येईल.’’

सुरुवात अलौकिक झाली. खालच्या पट्टीतल्या ओळी, तबला, बासरी, माझा आवाज, सगळं स्वच्छ. मग अंतरा आला. रफीचा अंतरा म्हणजे तोंड उघडणं आलं. मी ते उघडलं मात्र, तबला गेला, बास गेला, सूर धरायला काहीच उरलं नाही. तोंड मिटलं, सगळं परत आलं. जबड्याचा सांधा कानाच्या नळीला अगदी खेटून असतो. तोंड उघडलं की नळीचा आकार बदलतो आणि मिटल्या तोंडाच्या मापाने केलेलं बूच सैल होतं. म्हणून गाणाऱ्यांचं माप तोंड उघडं ठेवून घेतात. हे मला पुढे कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की जिथे ऐकू यायला हवं नेमकं तिथेच काही ऐकू येत नाही. मी ओठ जेमतेम विलग करून, दातांच्या फटीतून तारसप्तक काढायचा प्रयत्न केला. टाळ्या पडल्या की नाही ते समजलं नाही. चांगल्या वस्तूचा हाही उपयोग असतो. खाली उतरलो तेव्हा ग्रुपातले दाताचे डॉक्टर वाट बघत होते. ‘‘अक्कलदाढ आहे. उद्या दहाला या,’’ म्हणाले.

मी दहाला गेलो, पण पंडित कॉलनीत. मॅडमना खरं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. दाढांमध्ये फोमचा ठोकळा बसवून त्यांनी माझं तोंड रफीच्या अंतऱ्याइतकं उघडं केलं आणि दोन्ही कानांत सिलिकॉन भरलं. मग त्या माझ्याकडे बघून काहीतरी विचारू लागल्या. ऐकू येणं शक्य नव्हतं, बोलणंही शक्य नव्हतं. मी मान डोलावली. त्यांनी आणखी काही विचारलं. मी अंगठा दाखवला.

साचे निघाल्यावर त्या आनंदाने म्हणाल्या, ‘‘मग नक्की हं काका, ३ मार्चला. जागतिक श्रवण दिन. आमचे सगळे पेशंट येतात, तुम्ही दोन गाणी म्हणा.’’

बाहेरच्या खुर्चीवर तेच आजोबा होते. त्यांनी ओळखीचं हसून कानामागचं मशीन नीट बसवलं.

घरी येऊन बायकोला बातमी दिली. तिने एवढंच विचारलं, की त्या मशीनचं बटण त्यांचं त्यांना सापडतं ना.